मराठी युनिकोड आणि अक्षरजुळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, परभणी, नांदेडकडचे डीटीपी ऑपरेटर, छोट्या दैनिकांचे उपसंपादक, पत्रिका आणि फ्लेक्स करणारे, प्रबंध टाइप करून देणारे यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. यांतल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. अक्षर पडद्यावर बरोबर दिसले की आत साठवलेला क्रमही बरोबर आहे असे आपण धरून चालतो. तो क्रम तपासायची सवय लागली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

१. युनिकोड म्हणजे नेमका कोणता फॉन्ट? आमच्याकडे श्रीलिपी आणि कृतिदेव आहे, ते युनिकोड नाही का?

युनिकोड हा फॉन्ट नाही. प्रत्येक अक्षराला दिलेला कायमचा क्रमांक म्हणजे युनिकोड. देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा आहेत. क, ख, ग, काना, वेलांटी, अनुस्वार यांचे क्रमांक त्यांत ठरलेले आहेत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असतो, फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढलेला असतो. म्हणून फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा होतो. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांबरोबर युनिकोड फॉन्टही मिळतात, तेव्हा नुसत्या नावावरून ठरवू नका. दोन ओळी नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच राहिल्या तर युनिकोड, इंग्रजी झाल्या तर जुना फॉन्ट.

युनिकोडमध्ये तीन गोष्टी मिळून अक्षर दिसते: साठवलेला मजकूर, फॉन्टमधले आकार आणि ते आकार जुळवणारा सॉफ्टवेअरमधला भाग. काही बिघडले की आधी यांतले काय बिघडले ते शोधा. फॉन्ट बदलून नीट दिसले तर दोष फॉन्टचा. तोच मजकूर ब्राउझरमध्ये नीट दिसला तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा त्याच्या सेटिंगचा. सगळीकडे चुकीचाच दिसला तर मजकूरच चुकीचा टाइप झाला आहे.

२. ०९७२, २००डी असे कोड दिलेले असतात. ते टाइप कसे करायचे?

कोड इंग्रजी कीबोर्डवर टाइप करायचा असतो, आकडे इंग्रजी आणि ए ते एफ ही अक्षरेही इंग्रजी. वर्डमध्ये कोड टाइप करून लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा, अक्षर तयार होते. तयार अक्षरापुढे कर्सर ठेवून हीच की दाबली की त्याचा कोड दिसतो. चुकीचा क्रम शोधायला याहून सोपे साधन नाही. लिबरऑफिसच्या गेल्या काही वर्षांतल्या आवृत्त्यांतही हीच की चालते. इनडिझाइनमध्ये टाइप मेनूतले ग्लिफ्स पॅनेल उघडून कोडने शोधता येते. फाइंड-चेंजच्या ग्रेप टॅबमध्ये बॅकस्लॅश, लहान एक्स आणि महिरपी कंसात कोड असे लिहिले की ते अक्षर शोधले जाते.

३. वर्डमध्ये मजकूर छान दिसतो, पण इनडिझाइनमध्ये पेस्ट केला की वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षरे फुटतात. का?

‘कि’ हे अक्षर साठवताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते. वेलांटी क च्या आधी आणून दाखवणे हे सॉफ्टवेअरचे काम. इनडिझाइनचा नेहमीचा पॅरेग्राफ कंपोझर (ओळी जुळवणारा भाग) ते काम करत नाही. वर्ल्ड-रेडी कंपोझर करतो.

मजकूर निवडा, पॅरेग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडा आणि ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर निवडा. अंकाच्या कामात हे प्रत्येक चौकटीला करत बसू नका. पॅरेग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशन भागात कंपोझर निवडून ठेवा. एकही फाइल उघडी नसताना बेसिक पॅरेग्राफ स्टाइलमध्ये हा बदल केला, तर पुढच्या सगळ्या नव्या फाइलींना तो आपोआप लागतो. कंपोझरबरोबर भाषा मराठी ठेवा (का ते प्रश्न ९ मध्ये).

इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप भागात भारतीय लिपींसाठीचा पर्याय चालू करावा लागतो. फोटोशॉपमध्ये तो नव्या टेक्स्ट लेयरना लागतो. जुने लेयर निवडून टाइप मेनूतल्या लँग्वेज ऑप्शन्समधून बदलावे लागतात.

४. पेजमेकरमध्ये किंवा जुन्या कोरलमध्ये युनिकोड चालवायची काही युक्ती?

पेजमेकरमध्ये नाही. पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती आणि तिला युनिकोड कळत नाही. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उलट बदलून आणणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्यात अर्धा र, ॲ, ₹ यांचे हमखास नुकसान होते. कोरलड्रॉमध्ये ही सोय एक्स६ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. त्याआधीच्या एक्स३, एक्स४ वर जोडाक्षरे फुटणारच. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस मोफत आहे. १.५.३ आवृत्तीपासून तो देवनागरी नीट जुळवतो.

५. बातमीत सगळीकडे ‘शेतकर्यांना’, ‘दुसर्या’, ‘करणार्या’ असे छापून येते. आम्ही तर बरोबर टाइप केले होते!

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि मराठीचे सर्वांत जास्त नुकसान करणारी चूकही हीच. ‘शेतकऱ्यांना’ मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो:

पहिला : ऱ (०९३१) + पायमोड (०९४डी) + य
दुसरा : र (०९३०) + पायमोड (०९४डी) + शून्य रुंदीचा जोडक (२००डी) + य

दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारातला २००डी मात्र अदृश्य असतो. काही वेबसाइटचे फॉर्म, बातम्या चढवायची काही सॉफ्टवेअरे आणि मजकूर ‘साफ’ करणारी साधने अशी अदृश्य अक्षरे काढून टाकतात. तो गेला की उरते र + पायमोड + य, आणि त्याचा नियमाप्रमाणे रफार होतो. तुम्ही बरोबर टाइप केलेला ‘शेतकऱ्यांना’ असा वाटेत ‘शेतकर्यांना’ होतो.

म्हणून नेहमी पहिला प्रकार वापरा. इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर) शिफ्ट धरून जे (ऱ), मग डी (पायमोड), मग पुढचे अक्षर.

हातात आलेला मजकूर दुरुस्त करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी र + ०९४डी + २००डी शोधून त्या जागी ऱ + ०९४डी घाला. ते झाल्यावरच उरलेले २००डी पाहा. काही जण सुरुवातीलाच सगळे २००डी उडवतात आणि एका झटक्यात अख्ख्या पुस्तकातले अर्धे र घालवून बसतात.

आधीच बिघडलेले ‘र्य’ मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात, कारण खरे र्य असलेले शब्दही भरपूर आहेत: कार्य, सूर्य, धैर्य, पर्याय, मर्यादा. ओळखायची खूण अशी: मूळ शब्द रा किंवा री ने संपत असेल (दुसरा, शेतकरी, वारकरी, करणारा) तर विभक्ती किंवा अनेकवचनात ऱ्य येतो. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर र्य. काही जोड्यांत दोन्ही रूपे खरी असतात आणि अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. ‘सहकार्याने’ काम झाले आणि ‘सहकाऱ्याने’ काम केले. आचार्य शिकवतात, आचाऱ्यांनी जेवण रांधलेले असते. इथे रिप्लेस ऑल मारणे धोक्याचे. ‘कर्या’ ऐवजी ‘कऱ्या’ असा सरसकट बदलही ‘सौकर्यासाठी’ या शब्दाला गोत्यात आणतो. ‘णार्य’ चे ‘णाऱ्य’ करणे मात्र बऱ्यापैकी सुरक्षित आहे.

ह पुढेही हीच गोष्ट: पऱ्हाटी, वऱ्हाड, तऱ्हा यांत अर्धा र, पण अर्हता, गर्हणीय यांत रफार.

६. आम्ही ऱ् बरोबर टाइप केला, तरी र खाली टिंब आणि पायमोड असे वेगळे दिसते. आता काय चुकले?

मजकूर बरोबर आहे, फॉन्ट जुना किंवा अपुरा आहे. त्यात ऱ् चा अर्धा आकार काढलेलाच नाही. मजकुराला हात न लावता फॉन्ट बदला. घेण्याआधी फॉन्ट तपासायची ओळ प्रश्न १० मध्ये दिली आहे.

७. मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ (◌) येते. डिलीट केले तरी जात नाही.

ते वर्तुळ मजकुरात नसतेच, सॉफ्टवेअर ते सूचना म्हणून दाखवते. एखादी मात्रा, अनुस्वार किंवा वेलांटी तिच्या अक्षराशिवाय पडली आहे, असा त्याचा अर्थ. नेहमीची कारणे तीन: अक्षर आणि मात्रा यांच्यामध्ये स्पेस शिरली, अनुस्वार मात्रेच्या आधी टाइप झाला, किंवा एकाच अक्षराला दोन मात्रा लागल्या. क्रम असा हवा: अक्षर, मग नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असल्यास नुक्ता, मग काना-मात्रा-वेलांटी, शेवटी अनुस्वार किंवा विसर्ग. ‘हिंगोली’ मध्ये ह, वेलांटी, अनुस्वार हा क्रम आहे. जुन्या फॉन्टवर हात बसलेले ऑपरेटर वेलांटी आधी टाइप करतात, म्हणून शब्दाच्या सुरुवातीला वर्तुळ येते.

बालवाडीच्या पुस्तकात नुसती मात्रा दाखवायची असेल, तर आधी न तुटणारी स्पेस (००ए०) टाइप करून तिच्यापुढे मात्रा द्या. वर्तुळ हवेच असेल तर २५सीसी हा त्याचा कोड.

८. ॲ, अॅ आणि ऍ यांतले बरोबर कोणते? आणि ‘बँक’ मध्ये चंद्रबिंदू की अर्धचंद्र आणि अनुस्वार?

मराठीसाठी ॲ (०९७२) हे स्वतंत्र अक्षर बरोबर. ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी अ (०९०५) ला अर्धचंद्र (०९४५) जोडून काम भागवले जाई. जुन्या मजकुरात तीच जोडी सापडते. दिसायला सारखी असली तरी संगणक त्यांना एक मानत नाही, म्हणून ‘ॲड.’ शोधले तर ‘अॅड.’ सापडत नाही. वकिलांची यादी करताना याचा फटका बसतो. जोडी शोधून सगळीकडे ०९७२ करा. ऍ (०९०डी) म्हणजे ए वर चंद्र. हिंदी मजकुरातून तो इकडे येतो, मराठीत त्याचे काम नाही.

‘बँक’, ‘हँडल’, ‘सँडल’ यांत उच्चाराने पाहिले तर अर्धचंद्र आणि वर अनुस्वार आहे. दिसायला मात्र तो चंद्रबिंदूच (०९०१) होतो आणि बहुतेक जण तेच टाइप करतात. आमचा सल्ला चंद्रबिंदूचा. शोधताना एकच रूप मिळते आणि कुठल्याही फॉन्टमध्ये टिंब चंद्राबाहेर पडत नाही. एका प्रकाशनात एकच रीत ठेवा, एवढे मात्र पाळाच.

९. आमच्या बॅनरवर ल आणि श हिंदीसारखे येतात. मराठी ल-श साठी वेगळा कोड आहे का?

नाही. ल (०९३२) आणि श (०९३६) दोन्ही भाषांत एकच आहेत, फरक फक्त आकाराचा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात तीच वापरायला सांगितली आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरने सांगितले की मराठी आकार येतो. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलच्या खालच्या भाषेच्या यादीत मराठी निवडा. वेबपानावर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली असेल तर महागडा फॉन्टही हिंदी ल दाखवेल.

भाषा बदलूनही आकार बदलला नाही, तर ती सोय त्या फॉन्टमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये नाही. मग मूळचाच मराठी वळणाचा फॉन्ट घ्या.

१०. कोणता फॉन्ट घ्यावा? खरेदी करण्याआधी कसा तपासावा?

मोफत फॉन्टांत मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सेरिफ देवनागरी, राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला यशोमुद्रा आणि आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हे भरवशाचे आहेत. संस्कृत श्लोक, वैदिक चिन्हे असतील तर शोभिका. बातमीपत्राच्या बारीक मजकुराला यशोमुद्रा. फ्लेक्सला मुक्ताची जाड वजने.

कोणताही फॉन्ट घेताना ही ओळ टाइप करून मोठी करून पाहा:

घृष्णेश्वर, तुळजाभवानी, अर्धापूर, पऱ्हाटी, शेतकऱ्यांच्या, कीर्ती, शर्मिष्ठा, नैर्ऋत्य, हृदय, उद्घाटन, विठ्ठल, राष्ट्रीय, दुःख, ॲल्युमिनियम, ₹ ५००

‘घृष्णेश्वर’ मध्ये ऋकार घ च्या दांड्याला नीट लागतो का आणि ष्ण, श्व फुटत नाहीत ना, ते पाहा. ‘कीर्ती’ मध्ये रफार आणि वेलांटी एकमेकांवर चढतात का? ‘राष्ट्रीय’ मध्ये ट खाली रकार येतो की पाय मोडून र शेजारी उभा राहतो? ॲ आणि ₹ च्या जागी रिकामा चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे. तो पाठ्यमजकुराला घेऊ नका.

११. शब्द समोर दिसतो, पण फाइंडला सापडत नाही.

दिसायला सारखे, आतून वेगळे. अर्धा र (प्रश्न ५) आणि ॲ (प्रश्न ८) ही दोन कारणे वर आली आहेत. उरलेली नेहमीची: ो (०९४बी) ऐवजी काना आणि मात्रा वेगवेगळे टाइप केलेले, आ ऐवजी अ ला काना, ऑ ऐवजी आ वर अर्धचंद्र, आणि विसर्गाच्या जागी कोलन. देवनागरीत काना आणि मात्रा मिळून ो होत नाही. युनिकोडच्या दृष्टीने ते दोन वेगळे क्रम आहेत आणि कोणतेही प्रमाणीकरण (समान क्रमांना एकच रूप देण्याची युनिकोडची रीत) त्यांना एक करत नाही. शोधून बदलावेच लागते.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुरात याशिवाय अदृश्य २००सी (शून्य रुंदीचा विलगक), २००डी आणि इमोजीबरोबर येणारा एफई०एफ असतो. शब्दाच्या पोटात यांतला एक जरी बसला तरी शब्द सापडत नाही. काढण्याआधी प्रश्न ५ मधला क्रम पाळा.

१२. जोडाक्षर जोडून नको, पाय मोडून हवे. कसे करायचे?

पायमोडीनंतर २००सी टाइप केला की पाय मोडलेले पूर्ण अक्षर दिसते: क्‌ष. २००डी टाइप केला की अर्धे अक्षर दिसते आणि पुढचे अक्षर शेजारी येते: क्‍ष. काहीच टाइप केले नाही तर फॉन्ट स्वतः ठरवतो: क्ष. पहिलीच्या पुस्तकात ‘द्ध’, ‘ट्ट’ फोडून दाखवताना याचा उपयोग होतो. बातमी, पत्रिका, कादंबरीत ही चिन्हे शिंपडू नका. पुढे शोध, वर्णक्रम आणि शब्दतपासणी सगळेच अडते. एखाद्या फॉन्टचे जोडाक्षर आवडत नसेल तर फॉन्ट बदलणे चांगले.

क्ष, ज्ञ, श्र, त्र ही एकेक अक्षरे म्हणून साठवली जात नाहीत. ज्ञ म्हणजे ज + पायमोड + ञ. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह ५, ६, ७, ८ या कींवर अनुक्रमे ज्ञ, त्र, क्ष, श्र मिळतात, पण ती कीसुद्धा आत तीन कोडच टाकते.

१३. उर्दू गझला देवनागरीत छापतो. नुक्ता कधी अक्षराला चिकटलेला असतो, कधी वेगळा. आणि मॅकवरून आलेल्या फाइलचे नावच विंडोजवर बदलते.

दोन्हींचे कारण एकच. नुक्त्याची अक्षरे एका कोडनेही लिहिता येतात आणि अक्षर + नुक्ता (०९३सी) अशा दोन कोडनेही. प्रमाणीकरणाच्या एनएफसी रीतीत क़ ते य़ ही आठ अक्षरे (०९५८ ते ०९५एफ) नेहमी सुटी केली जातात. याउलट ऱ, ऩ, ऴ ही तीन एकत्र केली जातात. म्हणजे र + नुक्ता चा ऱ होतो, पण ज + नुक्ता सुटेच राहते. हे विचित्र वाटते, पण नियम तसाच आहे. गझलेच्या मजकुरात शोध घेताना नुक्ता सुटा धरूनच शोधा.

मॅकच्या जुन्या डिस्क पद्धतीत फाइलचे नाव सुटे करून साठवले जाते. ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ नावाच्या फाइलमधला ऱ तिथे र + नुक्ता होतो आणि विंडोजवर इनडिझाइनला लिंक सापडत नाही. चित्रांची आणि फाइलींची नावे इंग्रजी अक्षरांत ठेवा, हा त्रास संपतो.

१४. वास्तुशास्त्राच्या जाहिरातीत ‘नैऋत्य’ की ‘नैर्ऋत्य’? दुसरे टाइप केले की मोडते.

बरोबर शब्द नैर्ऋत्य. क्रम असा: र (०९३०) + पायमोड (०९४डी) + ऋ (०९०बी). स्वरावर रफार बसण्याचे हे मराठीतले अगदी थोडक्यांतले एक उदाहरण, म्हणून कित्येक फॉन्ट इथे अडखळतात आणि पाय मोडलेला र दाखवतात. व्यंजन + ृ असे टाइप करून आकार जुळवायला जाऊ नका. फॉन्ट बदलून पाहा. मोठ्या शीर्षकात नाइलाज असेल तर तेवढा एक शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये घ्या.

१५. विसर्ग, दंड, ₹, अवतरणचिन्हे यांचे कोड एकदाच सांगा.

विसर्ग ०९०३. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ मध्ये कोलन देऊ नका, ओळ तिथे तुटू शकते आणि शब्द दोन होतात. दंड ०९६४, दुहेरी दंड ०९६५. इंग्रजी उभी रेघ वापरली तर तिची उंची शिरोरेषेशी जुळत नाही. अवग्रह ऽ ०९३डी, त्याच्या जागी इंग्रजी एस नको. ॐ ०९५०. ₹ २०बी९. हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोड ६.० मध्ये आले. सुरुवातीच्या काही फॉन्टांत ते बॅकटिकच्या जागी काढलेले होते. तशा फाइली आज उघडल्या की रकमेपुढे बॅकटिक दिसतो. वळणदार अवतरणे २०१८, २०१९ (एकेरी) आणि २०१सी, २०१डी (दुहेरी).

१६. कॉलम दोन्ही बाजूंनी जुळवला की शिरोरेषा तुटते.

अक्षरांमधले अंतर वाढले आहे. इंग्रजीत ते खपते, देवनागरीत शिरोरेषा फाटते. जस्टिफिकेशनमध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे ० ठेवा, ट्रॅकिंगही ०. ताण शब्दांमधल्या अंतरावर टाका, ८०, १००, १३३ ही चांगली सुरुवात. अरुंद कॉलममध्ये ग्लिफ स्केलिंग ९८, १००, १०२ देऊन पाहा, नजरेला कळत नाही आणि भोके कमी होतात. शीर्षक पसरवायचे असेल तर ट्रॅकिंगऐवजी टाइप मोठा करा किंवा रुंद वळणाचा फॉन्ट घ्या.

१७. मतदार यादी, ओळखपत्रे डेटा मर्जने करतो. मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हे येतात. मराठी आकड्यांची बेरीजही होत नाही.

एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की मराठी जाते. सेव्ह ॲजमध्ये ‘युनिकोड टेक्स्ट’ निवडा. इनडिझाइनमध्ये डेटा सोर्स निवडताना इम्पोर्ट ऑप्शन्स दाखवा या चौकटीवर खूण करून एन्कोडिंग युनिकोड ठेवा. ‘????’ आलेली फाइल पुन्हा सुधारत नाही, कारण अक्षरे तिथेच नष्ट झालेली असतात. मूळ एक्सेलवरून पुन्हा काढा.

देवनागरी आकडे (०९६६ ते ०९६एफ) एक्सेलच्या लेखी निव्वळ मजकूर आहेत. हिशेब इंग्रजी आकड्यांत करा आणि पान लावल्यावर दहा आकडे बदला. मात्र सातबारा उताऱ्याचे गट क्रमांक, फोन आणि आयएफएससी बदलू नयेत, म्हणून त्यांना वेगळी कॅरेक्टर स्टाइल देऊन ती वगळा. ‘७/१२’ ओळीच्या शेवटी तुटत असेल तर तेवढ्या अक्षरांना नो ब्रेक लावा. अपूर्णांकाची सोय पूर्ण परिच्छेदाला लावली की १७/९/१९४८ सारख्या तारखाही अपूर्णांक होतात.

१८. विद्यापीठाला प्रबंध लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या प्रणालीत) द्यायचा आहे. मराठी कसे बसवायचे?

पीडीएफलाटेक सोडा, झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या. फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये फॉन्ट जाहीर करताना स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी असे दोन्ही पर्याय द्या. स्क्रिप्ट विसरली तर जोडाक्षरे फुटतात, लँग्वेज विसरली तर ल-श हिंदी येतात. लुआलाटेकमध्ये रेंडरर म्हणून हार्फबझ द्यावा लागतो. तो न दिल्यास काही फॉन्टांत रफार चुकीच्या जागी बसतो.

१९. पीडीएफमधून मराठी कॉपी केली की अक्षरे इकडेतिकडे होतात. छपाई मात्र बरोबर येते.

पीडीएफमध्ये आकार आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. वेलांटी डावीकडे आणि रफार उजवीकडे काढलेला असतो. कॉपी करताना तोच क्रम उचलला जातो, मूळचा नाही. प्लेटसाठी याने काही बिघडत नाही. पण ई-पेपरमधून शोध लागावा, अंध वाचकाचे स्क्रीन रीडर मजकूर नीट वाचावे असे वाटत असेल, तर पीडीएफबरोबर मजकूर वेबपान किंवा ईपब म्हणून द्या. जुन्या पीडीएफमधून मजकूर परत मिळवायचा असेल तर कॉपी करण्यापेक्षा पानाचे ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणे) बहुधा कमी चुका करते.

फ्लेक्सवाल्याकडे त्याच्या संगणकावर फॉन्ट नसेल म्हणून कर्व्ह करून (अक्षरांच्या आकृत्या करून) पाठवता, ते ठीक आहे. फक्त कर्व्ह न केलेली फाइल स्वतःजवळ ठेवा, नाव दुरुस्त करायची वेळ आली की तीच लागते.

२०. एकाच लग्नपत्रिकेत मराठी आणि उर्दू हवी असते. जमते का?

वर्ल्ड-रेडी कंपोझरवर जमते. उर्दूची चौकट वेगळी ठेवा आणि परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करा. नस्तालीक (उर्दूच्या तिरक्या वळणाच्या) फॉन्टला ओळींमधले अंतर देवनागरीपेक्षा बरेच जास्त लागते, नाहीतर टिंबे वरच्या ओळीत घुसतात. उर्दू मजकूर अरबी कीबोर्डवर टाइप झालेला असेल तर ये, काफ, हे ही अक्षरे अरबी कोडची येतात. ती अनुक्रमे ०६सीसी, ०६ए९, ०६सी१ अशी बदलून घ्या. नावे शोधताना आणि नस्तालीक जुळवताना हाच फरक नडतो.

२१. निजामकाळातल्या मोडी कागदांचे लिप्यंतर पुस्तकात मूळ मोडीसह छापायचे आहे. युनिकोडमध्ये मोडी आहे का?

आहे. २०१४ च्या ७.० आवृत्तीपासून ११६०० ते ११६५एफ या जागा मोडीला आहेत, आणि नोटो सॅन्स मोडी हा फॉन्ट मोफत मिळतो. कोड पाच अंकी असल्यामुळे जुनी सॉफ्टवेअरे तो उचलत नाहीत. लिबरऑफिस, स्क्रायबस, लुआलाटेक यांच्यावर काम सुरू करा. पाव, अर्धा, पाऊण यांच्या जुन्या खुणांना ए८३० पासून वेगळे कोड आहेत, दांड्या ओढून त्या काढत बसू नका. फॉन्टमधली मोडी सुटी आणि सरळ येते, कागदावरची धावती वळणे तिच्यात नाहीत. म्हणून मूळ पानाचे छायाचित्र समोर आणि युनिकोड मोडी व देवनागरी शेजारी, अशी मांडणी अभ्यासकांच्या जास्त उपयोगी पडते.